घामाचा धोंडा

१

मल्हारीने धोंड्यावर हात ठेवून आण घेतली आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता धोंड्याला घाम आला.

गाव जमलेलंच होतं. संध्याकाळी आण घ्यायची आणि सकाळी सगळ्यांनी जाऊन बघायचं, ही धामणवाडीची जुनी रीत. वालूरच्या रस्त्याला गाव संपतं तिथे एक दाट लिंब आहे. त्याच्या बुडाशी हा काळा धोंडा, बसलेल्या माणसाएवढा. म्हणतात की फार मागे एका मेंढक्याने खोटी आण घेतली आणि तो जागच्या जागी दगड झाला. तेव्हापासून त्याच्यासमोर कुणी खोटं बोललं की त्याला आपलं आठवतं आणि घाम फुटतो. एरवी तो कोरडाठाक. कार्तिकाचं दव सगळ्या रानावर उतरतं, पण लिंबाखाली पोचत नाही. त्या सकाळीही खालची माती कोरडी होती. धोंडा मात्र माथ्यापासून खांद्यापर्यंत ओला होता आणि त्याच्या अंगावरून एकेक थेंब सावकाश खाली येत होता.

पोलिसातून निवृत्त झालेले पंडित जमादार लोकांच्या मागे उभे होते. त्यांच्या घराण्याने छप्पन साली देव सोडले, तेव्हाच हा धोंडाही सोडला होता. पण गाव निघालं की पाय निघतात. शिवाय घरी बसून तरी काय करायचं होतं.

दत्तराव पुढे होते. सोयाबीनची गंजी जळाली ती त्यांची आणि त्यांचा धाकटा भाऊ सिताराम याची, सामाईक. गंजीच्या शेजारच्या रानात मल्हारीच्या मेंढ्या खतासाठी बसलेल्या होत्या. महिन्याखाली दत्तरावांनी त्याच मेंढ्या कोंडवाड्यात घातल्या होत्या आणि दोघांची चांगलीच जुंपली होती. त्यामुळे गंजी कुणी पेटवली हे गावाला कुणी सांगायची गरज पडली नाही. मल्हारी नाही म्हणाला, तेव्हा आण घ्यायला लावली.

"बगा आता," दत्तराव म्हणाले. "म्या कायबी बोलत न्हाई."

मल्हारी पुढे झाला. त्याने धोंड्यावर हात ठेवला, उचलला, ओला तळवा बघितला आणि धोतराला पुसला. ओरडला नाही, रडला नाही. यष्टी निघून गेली असंल, असं म्हणावं तशा आवाजात तो म्हणाला,

"मग मीच जाळली असंल."

२

दुपारी मल्हारीची बायको सुगंधाबाई जमादारांच्या दारात आली. जमादार जेवायला बसले होते. बायको कुसुमबाई गेल्यापासून त्यांना जेवणाचं काही वाटत नव्हतं. सून शुभदा डॉक्टरच्या सांगण्यावरून अळणी भाजी वाढत होती. ते आपल्याला पहिले काही दिवस कळलंसुद्धा नाही, हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं.

सुगंधाबाई उंबऱ्याबाहेरच टेकली. तिने सांगितलं की घरचा माणूस खात नाही, बोलत नाही. परवा सकाळच्या गाडीने सेलूला जाणार, ठाण्यात कबुली देणार आणि मग साहेब म्हणतील तसं.

"मी इच्यारलं, तुमी जाळली का? तर म्हणतेत, मला आठवत न्हाई, पण धोंडा म्हणतोय."

"मग मी काय करू, बाई? मी आता पोलिसात न्हाई."

"तुमी धोंड्याला मानत न्हाई. म्हणून आले. मानणारा माणूस ह्यात काय बगणार?"

जमादारांनी विचारलं की आण झाल्यावर त्या रात्री धोंड्याकडे कुणी गेलं होतं का. सुगंधाबाईने पदर सारखा केला आणि म्हणाली की गेलं असंल कुणी, रस्त्याचाच तो धोंडा.

शुभदा आतून म्हणाली, "मामा, जा. घरात बसून भित्ताडाकडं तर बगायलाव."

नाही म्हणायचं तर बरंच बोलावं लागलं असतं. जमादार बरं म्हणाले आणि उठून हात धुतले.

३

मल्हारी मेंढ्यांच्या वाड्याजवळ बाभळीला टेकून बसला होता. जाळीच्या आत मेंढ्या ओरडत होत्या. त्यांना चरायला न्यायची वेळ कधीच टळली होती.

त्याची जबानी सरळ होती. गंजी पेटली त्या पहाटे तो वाड्यातच होता. उठला, बिडी ओढली, विझवली, परत पडला. मग उजेड दिसला.

"बिडी कुठं टाकली?"

"पायाखाली चुरगाळली. असं वाटायलंय."

"वाटायलंय का चुरगाळली?"

मल्हारीने बराच वेळ आपल्या पायाकडे बघितलं. "काल इच्यारलं असतं तर चुरगाळली म्हणलो असतो. आता काय सांगू, जमादार? माझं ध्यान एक सांगतंय, धोंडा एक सांगतोय. माझा बाप त्येच्यावर हात ठिवून खरं बोललेला. आजाबी. तेवा त्येला घाम आला न्हाई. माझ्याच वक्ताला त्यो खोटा कशाला हुईल?"

जमादारांनी नोकरीत पुष्कळ माणसं बघितली होती. केलेलं नाकबूल करणारी बघितली होती, माराला भिऊन न केलेलं कबूल करणारीही बघितली होती. पण ह्या माणसाला कुणी बोटही लावलं नव्हतं. त्याचा स्वतःवरचा भरवसाच कुणीतरी काढून नेला होता.

"तुला सुटायचं हाय का?" त्यांनी विचारलं.

"सुटून काय करू? जाळली असंल तर सुटू कसा?"

जमादारांनी काठी उचलली. ते गंजीकडे निघाले.

४

गंजीच्या जागी काळा गोल राहिला होता. जमादार त्याच्याभोवती हळूहळू फिरले. मधोमध राख पार जमिनीला टेकली होती. पण कडेला, बुडाशी, चारी बाजूंनी सोयाबीनचे पेंढे अर्धवट शाबूत होते, नुसते धुरकटलेले. त्यांनी काठीने उकरलं. एक तरी बाजू अशी हवी होती जिथून जाळ आत शिरला. तशी बाजू सापडली नाही.

तिथून ते सितारामच्या घरी गेले. सिताराम गंजीच्या राखणीला झोपायचा. त्याचं बोलणं तुटक होतं. आपल्याला गाढ झोप लागली, जाळ झाला तेव्हा जाग आली, कुणाला पळताना बघितलं नाही. दादा म्हणतो मल्हारी, तर मल्हारीच असंल. एवढं सांगून तो चऱ्हाटाचा पीळ उलटा सोडत बसला.

त्याची बायको कमलबाई चहा घेऊन आली. ती बोलायला मोकळी होती. थंडीचं निघालं, तर म्हणाली की यंदा कार्तिकातच हाडं गोठायलीत, पण ह्यांचं अंगच निराळं.

"वाकळ न्या म्हणलं राखणीला, तर नको म्हणले. गंजीला पाठ लावली की बाळंतिणीच्या खोलीवानी ऊब लागती म्हणले. म्या म्हणलं, मग तितंच ऱ्हावा, घरी कशाला येताव?"

ती हसली. सिताराम हसला नाही. त्याने बायकोकडे असं बघितलं की तिचं हसू अर्ध्यात थांबलं आणि ती कपबशा गोळा करायला लागली, जमादारांचा चहा अजून बशीत असताना.

जाळ लागायच्या आधी गंजीला ऊब कुठली?

जमादारांना गंगाखेडकडच्या नोकरीतली एक पहाट आठवली. एका गुऱ्हाळामागे चिपाडाचा ओला ढीग पेटला होता. मालक शेजाऱ्याचं नाव सांगत होता, आणि ढीग पोटातून जळत होता, बाहेर सालपटं तशीच. ओलं दडपून झाकलं की आत वाफ धरते, वाफेची आग होते.

वाटेत दत्तराव भेटले. जमादारांनी सहज विचारलं की परतीच्या पावसात काढलेलं सोयाबीन वाळलं होतं का चांगलं.

"वाळल्याबिगर कोण गंजी लावतं, पंडितराव?" दत्तराव म्हणाले. "उगा मढं उकरू नका. धोंड्यानं सांगितलंय, निकाल लागलाय."

पण धोंड्याचं कोडं तसंच होतं. गंजी आपोआप पेटली असेल, तर मल्हारी खरं बोलला होता. मग धोंड्याला घाम का आला?

५

दुसऱ्या दिवशी ते लिंबाखाली जाऊन बसले. धोंडा आता सुकला होता. काळ्या अंगावर कुठे कुठे पांढुरका ओघळ दिसत होता. चुन्यासारखा, पण चुना नव्हे.

उन्हं वर आल्यावर सुगंधाबाई मेंढ्या घेऊन त्या वाटेने आली. नवरा उठत नाही म्हणून तिनेच कळप काढला होता. म्होरकी मेंढी वाट सोडून तडक लिंबाखाली आली आणि धोंड्याला जीभ लावली. मागून दुसरी आली, तिसरी आली. ढकलाढकली करत त्या दगड चाटायला लागल्या.

सुगंधाबाई धावत आली. मेंढी ही त्या घरात लेकरासारखी. तिच्या अंगावर हात टाकलेला जमादारांनी आजवर बघितला नव्हता. पण बाईने म्होरकीच्या पाठीत काठी घातली, दुसरीला पायाने लोटलं आणि सगळा कळप रस्त्यावर हाकलला.

"देवाच्या अंगाला तोंड लावायलेत," ती म्हणाली आणि जमादारांकडे न बघता गेली.

ते उठून धोंड्याजवळ आले. वरच्या फटीत, जुन्या शेंदराच्या थराशी, दोन-तीन पांढरे खडे अडकले होते. त्यांनी एक काढून जिभेवर ठेवला.

मीठ होतं. कित्येक महिन्यांत जिभेला काही लागलं नव्हतं, त्या जिभेवर ते झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं. जमादार तसेच धोंड्याला धरून उभे राहिले. पाणी मिठामुळे आलं की आणखी कशामुळे, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

खडे मीठ. गावात हल्ली सगळ्या घरी पुड्यातलं बारीक मीठ येतं. खडे मिठाची गोणी वालूरच्या बाजारातून एकाच घरी येत होती, कारण ते मीठ कुटून मेंढ्यांना चाटवायचं असतं.

६

वाड्यावर मल्हारी पाठ करून निजला होता. जमादारांनी सुगंधाबाईला आडोशाला बोलावलं आणि खडा तिच्या तळहातावर ठेवला. काही विचारलं नाही.

तिनेही नाकारलं नाही. जणू कुणीतरी हे विचारावं म्हणून ती थांबली होती.

आण झाल्यावर तिला झोप लागेना. नवरा खरा आहे हे तिला माहीत होतं, पण धोंड्याचं काय सांगावं. दत्तराव त्याला दर अमावस्येला नारळ फोडतात, वर्षाला शेंदूर लावतात. धोंडा शेवटी ज्याचं खाल्लं त्याच्याकडूनच बोलणार. आपल्याकडे नारळाला ऐपत नव्हती. घरात काय होतं, तर मीठ.

"ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी कुत्रंबी बेइमान हुत न्हाई. म्हणलं, धोंड्यानंबी आमचं मीठ खावं. मीठ कुटलं, पाण्यात कालवलं आन् त्येला आंघूळ घातली. वरून चार खडे ठिवले."

"आन् सकाळी घाम आला."

"आला. मला वाटलं, लाच दिली म्हणून कोपला. माझ्यापायी ह्यांच्यावर आळ बसला. कोणत्या तोंडानं सांगू?"

जमादार म्हणाले की धोंडा कोपला नाही आणि पावलाही नाही. पावसाळी हवेत तिच्या गोणीतलं मीठ पाझरतं की नाही? तसंच पहाटेच्या ओल्या हवेत धोंड्यावरचं पाझरलं. ती ऐकत राहिली. समजलं असावं, पण चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मग सांगा ह्यांना," ती म्हणाली. "माझं नाव घेऊन सांगा."

घरी येऊन जमादारांनी पत्र्याच्या पडवीतला धुण्याचा दगड मिठाच्या पाण्याने माखला. शुभदाने विचारलं की हे काय चाललंय. ते म्हणाले, तपास चाललाय. ती म्हणाली, मीठ जेवणात चालत नाही तर दगडाला लावा, बरं आहे.

७

सकाळी मल्हारी धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर टॉवेल टाकून गाडीला निघाला. मागे सुगंधाबाई होती. जमादारांनी दोघांना अंगणात बोलावून पडवीतला दगड दाखवला. फरशी कोरडी होती आणि दगडावर थेंब धरले होते.

मल्हारी वाकून बघत राहिला. "हेच्यावर कोण खोटं बोललं?"

"सकाळपासून ह्या घरात खोटं बोलली ती आमची शुभदा. चहात साखर हाय म्हणली. पर त्येच्यानं न्हाई आलं हे. मीठ लावलंय म्या. तुज्या धोंड्यालाबी मीठच लावलं व्हतं."

"कुणी?"

"म्या," सुगंधाबाई म्हणाली. आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

मल्हारीने तिच्याकडे बघितलं नाही. दगडावरचा थेंब बोटाने पुसत म्हणाला, "आपलं मीठ खाऊनबी त्येनं माझ्या इरोधात सांगितलं. मग तर खरंच असंल."

जमादारांना पहिल्यांदा थकल्यासारखं वाटलं. ह्या माणसाला मिठाचा पुरावा पुरणार नव्हता. त्याला त्याच्याच कोर्टात सोडवावं लागणार होतं. त्यांनी दत्तरावांना आणि सितारामला धोंड्याकडे बोलावणं पाठवलं आणि स्वतः पाण्याच्या दोन घागरी घेऊन गेले.

गाव जमलं. जमादारांनी सगळ्यांसमोर धोंडा चोळून धुतला, फडक्याने कोरडा केला. मिठाची हकिकत सांगितली. काही हसले, काहींनी कानावर हात ठेवले. मग त्यांनी गंजीचं सांगितलं. कडेचे पेंढे शाबूत राहिले, जाळ बाहेरून आलाच नाही. राखणीच्या माणसाला थंडीत वाकळ लागली नाही, कारण गंजी आतून तापत होती. ती तापली, कारण ओली झाकली.

"हे सगळं तुमचं डोकं झालं, पंडितराव," दत्तराव म्हणाले. "माझी गंजी खडखडीत वाळलेली व्हती."

"असंल. मग ठिवा हात आन् तेवढंच म्हणा. धोंडा आता स्वच्छ हाय. घाम आलाच तर मिठाचा असतो, हे आत्ताच आयकलं तुमी. भ्यायचं काय कारण?"

दत्तराव पुढे झाले. हात उचलला. धोंड्याच्या वीतभर वर तो हात थांबला. लोक बघत होते. दत्तरावांनी एकदा त्या काळ्या दगडाकडे बघितलं, एकदा आपल्या बोटांकडे. हात खाली आला, पण धोंड्यावर नाही. तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला.

 मग मागून सितारामचा आवाज आला, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"म्या दादाला दोनदा सांगितलं. गंजी हाताला ऊन लागायलीय, उकलून वाळू घालू. दादा म्हणला, ढग आलेत, झाकून टाक, मला शिकवू नकू."

"गावाला काय सांगायचं व्हतं म्या?" दत्तराव जमिनीकडे बघत म्हणाले. "धाकट्याचं आयकलं न्हाई म्हणून सगळं जाळून घेतलं, असं?" आणि ते घराकडे चालायला लागले. लोकांनी वाट दिली. सिताराम काही वेळ तसाच उभा राहिला, मग भावाच्या मागे गेला.

मल्हारी इतका वेळ हलला नव्हता. आता त्याने धुतलेल्या धोंड्यावर तळवा टेकवला आणि काढला. या वेळी तळव्याकडे बघितलं नाही.

"चुरगाळली व्हती बिडी," तो म्हणाला. "टाचंखाली."

"व्हय," जमादार म्हणाले.

माणसं पांगली. मल्हारी बायकोसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

"मी खरं बोललो हे तुला म्हाईत व्हतं म्हणतीस. मग मीठ कशाला द्यायला गेलीस? माझ्यावर इस्वास न्हवता तुझा?"

सुगंधाबाईने धोंड्याकडे बघितलं.

"तुमच्यावर व्हता," ती म्हणाली. "धोंड्यावर न्हवता."

 तिचं म्हणणं मल्हारीला पटलं की नाही, ते जमादारांना त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून डोक्याला गुंडाळला आणि वाड्याकडे निघाला. थोडं पुढे गेल्यावर थांबला. मागे वळून बघितलं नाही, नुसता थांबला. ती जवळ पोचल्यावर तो परत चालायला लागला.